सात ओळी चढाच्या, बारा उताराच्या

१२ डिसेंबर, शुक्रवार. किलोभर शेंगदाणे भाजायला घेतले आहेत. निम्म्यांची चटणी होईल, निम्मे गुळाबरोबर डब्यात जातील. धपाट्यांचं पीठ भिजवून ठेवलंय, पाण्याच्या चार बाटल्या धुऊन पालथ्या घातल्यात. तयारी सगळी झाली आहे. फक्त डोंगर ठरायचा आहे.

मुलगी हैदराबादला नोकरी करते. दिवाळीला आली नाही, ती आता दोन दिवसांसाठी येते आहे. आज संध्याकाळी संगमनेरला पोचेल, परवा दुपारी परत. मधला शनिवार तेवढा मोकळा. नवरा साखर कारखान्यात. हंगाम सुरू झाल्यापासून तो घरी फक्त झोपायला येतो, त्यामुळे त्याचा विचार करायचं कारण नाही. मघाशी मुलीचा एसटीतून फोन आला.

"आई, एकच दिवस आहे. उंचातला उंच डोंगर चढायचा. कुठला ते तू ठरव. तू राहिलीयस तिकडं."

"तुझ्या मोबाईलवर यादी असेल की."

"आहे ना. आठ डोंगर. उंची, चढायला लागणारा वेळ, सोपा की अवघड, सगळं दिलंय."

"उतरायला किती वेळ लागतो ते दिलंय?"

"ते कशाला देतील? चढलो की उतरणारच."

हे वाक्य ती राजूरच्या आमच्या घरमालकांसमोर बोलली असती, तर त्यांनी तिला रतनवाडीचं देऊळ दाखवून परत पाठवलं असतं. तेही जीपनं.

उंचातला उंच म्हणजे कळसूबाई. ते सांगायला यादी लागत नाही. अख्ख्या महाराष्ट्रात त्याहून उंच काही नाही आणि इथून गाडीनं दोन तासांत पायथा येतो. अडचण वेगळी आहे. मी त्या डोंगराजवळ सहा वर्षं राहिले, तीन वेळा मागितला, आणि तिन्ही वेळा मला तो मिळाला नाही. घरमालकांनी दिला नाही. आज मी बावन्न वर्षांची आहे. परवानगी देणारा माणूस राहिलेला नाही, आणि तरी मघापासून शेंगदाणे हलवता हलवता मी त्याच्याच परवानगीची वाट बघते आहे, असं माझ्या लक्षात आलं. म्हणून आधी त्यांच्याविषयी लिहून मोकळी होते.

राजूरच्या आरोग्य केंद्रात नर्स म्हणून माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. खोली मिळाली ती एका निवृत्त तलाठ्याच्या घरात. आमच्याकडं तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात, आणि नोकरी संपली तरी हे नाव सुटत नाही. त्यांना सगळे भाऊसाहेबच म्हणत. मशिदीत मौलवी म्हणत, बाजारात पेढेवाला म्हणे, आणि त्यांची बायको, जिला मी चाची म्हणे, तीही रागावली की "ओ भाऊसाहेब" असंच म्हणायची. उंच, किडकिडीत माणूस. मे महिन्यातही अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, कारण "छातीला एकदा थंडी कळली की ती पत्ता इसरत न्हाई." पायात मात्र बारा महिने जुन्या टायरच्या चपला.

त्यांचा उद्योग एकच. बाहेरून दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाला डोंगर निवडून देणं. राजूरच्या पुढं भंडारदऱ्याकडं डोंगरच डोंगर. पुण्या-मुंबईची, नाशिकची माणसं राजूरच्या स्टँडवर उतरत आणि कुठल्या बाजूला जायचं ते विचारत. कुणीतरी बोट दाखवे, "त्या घरी जा. तिथं डोंगर मिळतो."

पाहुणा आला की भाऊसाहेब त्याला ओट्यावर बसवत आणि पहिला प्रश्न विचारत, "परतीची गाडी कितीची?" दुसरा, "घरी वाट कोन बघतंय?" वाट बघणारी आई असेल तर एक डोंगर, बायको असेल तर दुसरा. आईला उशीर चालत नाही, बायकोला सवय असते, असा त्यांचा हिशेब. मग म्हणत, "चप्पल काढा." पाहुण्याला वाटे घरात बोलावतायत. पण भाऊसाहेब ती चप्पल नाहीतर बूट उचलून उलटा करत आणि टाच कुठल्या बाजूनं झिजलीय ते बघत. उन्हात धरून, चष्मा कपाळावर चढवून. एकदा एका बँकेतल्या साहेबांचा नवाकोरा बूट त्यांनी तसाच परत दिला.

"ह्यात काय वाचू? कोरा कागद हाय."

"अहो, डोंगरासाठी खास घेतलाय."

"मग डोंगराला देऊन या. जुनं काय हाय ते दाखवा."

हे सगळं होईपर्यंत चाची चहा आणत. चहा झाला की खरी परीक्षा. आतल्या खोलीतून माळ्यावर जायला एक लाकडी शिडी होती, अकरा पायऱ्यांची. माळ्यावर चाचींचे कांदे पसरलेले असत आणि कोपऱ्यात पाण्यानं भरलेली घागर. पाहुण्यानं रिकामा तांब्या घेऊन वर जायचं, घागरीतनं काठोकाठ भरून घ्यायचा आणि खाली यायचं. वर चढताना भाऊसाहेब बघतसुद्धा नसत. पेपर वाचत. पाहुणा उतरायला लागला की पेपर खाली.

शहरातली माणसं शिडीला पाठ लावून उतरत, जिन्यावरून उतरावं तशी. तिसऱ्या-चौथ्या पायरीला तोल जाई, पाणी शर्टावर येई. खाली आल्यावर भाऊसाहेब तांब्यात डोकावून निकाल देत. अर्धा राहिला तर भंडारदऱ्याच्या धरणावर चक्कर मारून या. पाऊण राहिला तर एखादी बुटकी टेकडी. सगळाच सांडला तर रतनवाडीचं देऊळ. "लई जुनं हाय, बगण्यासारखं हाय," असं ते प्रेमानं सांगत, पण ऐकणाऱ्याला काय ते कळायचं. रतनगड आणि कळसूबाई फक्त भरल्या तांब्याला.

लोक हुज्जत घालत. "भाऊसाहेब, आम्ही हिमालयात जाऊन आलोय."

"परत आलात ते दिसतंय. कसं आलात ते बघायचंय मला."

पास झालेल्याला ते कागद लिहून देत. जुन्या सरकारी फॉर्मच्या कोऱ्या पाठी त्यांच्याकडं गठ्ठ्यानं होत्या. वर डोंगराचं नाव, खाली माणसाचं नाव, आणि मग सात ओळी चढाच्या, बारा ओळी उताराच्या. ह्या कागदाला ते सातबारा म्हणत. आयुष्यभर शेतकऱ्यांना सातबाऱ्याचे उतारे लिहून दिल्यावर त्यांना दुसरं काय सुचणार? चढाच्या सात ओळी साध्या असत: पहाटे निघा, पाणी घोट घोट प्या, वगैरे. सगळा जीव बारा ओळींत. 'उतरण्याआधी नाडी सोडून परत बांधा.' 'घरच्या जेवणाचा विषय काढू नका.' 'आता आलंच, असं म्हणणाऱ्यास मागे ठेवा.' 'असरच्या आत खाली.' असर म्हणजे दुपारनंतरची नमाज. पाहुणा कुठल्याही धर्माचा असो, त्यानं असरला खाली असलं पाहिजे. आणि बारावी ओळ कायम एकच: 'पायथ्याला पोचल्यावर चहा उभ्यानं घ्या. बसलात की गुडघे हिशेब मागतील.'

मी नर्स असल्यामुळं ही बारावी ओळ मला पटायची. बाकीचं मला थोतांड वाटे.

एक दिवस दुपारी नेवाशाकडचा एक शेतकरी दारात उभा राहिला. पन्नाशीचा, डोक्याला टोपी, काखेत कापडी पिशवी. मी ओट्यावर कपडे वाळत घालत होते, त्यामुळं पुढचं सगळं मी कानांनी ऐकलेलं आहे.

"भाऊसाहेब हितंच राहत्यात का? सातबारा पायजे हुता."

भाऊसाहेब खूश. इतक्या सरळ मागणारा पाहुणा त्यांना क्वचित मिळे. "या की, बसा. गट कितीचा?"

"एकशे अडतीस."

भाऊसाहेबांचा चष्मा कपाळावरून खाली आला. "एकशे अडतीस माणसं? जेवनाचं काय करनार?"

"मानसं चारच हायत. आमी भाव-भाव."

"मग चारच म्हना. चौघं चढनार?"

"चढल्यात की. वडील गेले त्याच साली चौघंबी चढलो."

"आन उतरले?"

"उतरायचं कशाला? आजून जित्ते हाओत आमी!"

मी दोरीवरचा टॉवेल तोंडात कोंबला. त्या माणसाला त्याच्या रानाचा उतारा हवा होता, गट नंबर एकशे अडतीसचा, पाइपलाइनीच्या अर्जाला लावायला. चढलेली होती ती चौघा भावांची नावं, कागदावर. गावातल्या एका मास्तरांनी त्याला सांगितलं होतं की राजूरचे एक भाऊसाहेब हेलपाटे न घालता, चहा पाजून, बसल्या जागी सातबारा लिहून देतात. मास्तरांनी थट्टा केली होती की त्यांनाच नीट कळलं नव्हतं, देव जाणे. हा बिचारा पहाटे निघून तीन गाड्या बदलून आला होता.

भाऊसाहेबांचा चेहरा इतका पडलेला मी पुन्हा कधी पाहिला नाही. चाची आतून म्हणाल्या, "आणखी लिहा सातबारे!" शेवटी भाऊसाहेब त्याला म्हणाले, "आज परतीची गाडी तुमाला काय गावत न्हाई. राहा. आन आलाच हाये, तर शिडी चढा."

"कशाला?"

"चढा तर."

तो चढला. वर तांब्या भरला, शिडीकडं तोंड केलं, एका हातानं पायरी धरली, आणि एकेक पाय खालच्या पायरीवर चाचपून टेकत सरळ खाली आला. तांब्या काठोकाठ. एक थेंब नाही. भाऊसाहेब उठून उभे राहिले.

"कुठं शिकलात?"

"ह्यात काय शिकायचं? इहिरीत उतरतो तसं उतारलो. पोरपनापास्नं गाळ काढतोय. इहिरीत आदी उतरावं लागतं, भाऊसाहेब. मग चढायचं."

त्याला रतनगड मिळाला. दुसऱ्या दिवशी पहाटे दुधाच्या जीपमधून गेला आणि असरच्या आधी तासभर परत आला. पायजम्याचा गुडघा फाटलेला, चेहरा असा की जणू मुलीचं लग्न पार पाडून आलाय. उभ्यानं चहा घेता घेता म्हणाला, "आवो, परवरा नदी तिथं एवढीशीच हाय. लुगडं पिळल्यावर पडंल एवढं पानी. आमच्याकडं येऊस्तवर त्याच्यात मानूस बुडतोय." मग कप रिकामा करून, "आन धरान बगितलं वरनं. पानी कवा सोडत्यात म्हनून जल्मभर बोंबललो, पर हाय कुठं ते ठावं नव्हतं."

त्याच्या रानाचा सातबारा भाऊसाहेबांनी नंतर नेवाशाला ओळखीच्या तलाठ्याला पत्र घालून मिळवून दिला. पण त्याआधी एक गोंधळ झालाच. रतनगडाचा कागद त्यानं जपून घडी करून ठेवला होता, तो घरच्यांनी चुकून पाइपलाइनीच्या अर्जाला जोडला. अर्ज परत आला. त्यावर लाल शाईत शेरा: 'सदर डोंगर या सजेत येत नाही.' सजा म्हणजे एका तलाठ्याकडं असलेली गावं. हे त्यानं भाऊसाहेबांना पोस्टकार्डावर कळवलं. भाऊसाहेबांनी ते पोस्टकार्ड आरशाच्या कोपऱ्यात खोचलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवलं. "बगा, शेरा नियमानं बरोबर हाय."

आता माझं.

मी पहिल्यांदा कळसूबाई मागितली ती राजूरला आल्यावर महिन्याभरात. शिडीवर पाठ लावून उतरले आणि तांब्या रिकामा केला. ते ठीकच झालं. दुसऱ्यांदा मागितली ती नेवाशाच्या माणसाला बघितल्यावर. आता मला युक्ती कळली होती. शिडीकडं तोंड करून सरसर खाली आले. पाव तांब्या सांडला.

"तोंड फिरवलंत," भाऊसाहेब म्हणाले, "घाई न्हाई फिरवली."

"अहो, पाऊण तर आहे!"

"तुमी उतरत न्हाई, सिस्टर. तुमी सुटता."

हे त्यांनी नुसत्या शिडीवरून म्हटलं नव्हतं. घराच्या ओट्याला तीन पायऱ्या होत्या. मी रोज सकाळी दवाखान्यात जाताना त्या तिन्ही एका उडीत ओलांडायची. मला वाटायचं कुणाचं लक्ष नाही. ते समोर पेपर वाचत बसलेले असत.

मला राग आला. पुढच्या रविवारी दवाखान्यातल्या दोघींना घेऊन मी त्यांच्या कागदाशिवाय एक डोंगर चढून आले. नाव सांगत नाही, सोपा डोंगर आहे, शाळेच्या सहली जातात. वर पोचलो, फोटो काढले, झकास झालं. उतरताना पायथ्याची घरं दिसायला लागली, धुराचा वास आला, आणि मी पळत सुटले. घोटा मुरगळला नाही, मोडलाच. दीड महिना प्लास्टर. पोलिओ डोसच्या दिवशी मला खुर्चीत बसवून, खुर्ची ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवून वाडीवस्तीवर फिरवलं. पोरं डोस घ्यायला कमी आणि सिस्टरची मिरवणूक बघायला जास्त जमायची.

भाऊसाहेब एका शब्दानं बोलले नाहीत. चाची दोन्ही वेळेला ताट आणून देत. फक्त रोज सकाळी, पेपर वाचून झाला की, भाऊसाहेब माझ्या खोलीच्या दाराबाहेर खुर्ची ओढत आणि खड्या आवाजात बारा ओळी वाचून दाखवत. पहिलीपासून बारावीपर्यंत. मग चपला फटफटवत निघून जात. दीड महिना.

शेवटी एका सकाळी मी ओरडले, "भाऊसाहेब, पाठ झालंय मला!"

"व्हय?" दाराबाहेरून आवाज आला. "मग पायाला सांगा."

त्यांना एवढं काय पडलं होतं, हे त्यानंतर त्यांनीच एकदा सांगितलं. नोकरीत असताना डोंगरात कुणी पडलं की पायथ्याशी पंचनाम्याला त्यांना जावं लागे. कितीतरी वेळा गेले होते. "एकबी चढताना पडलेला न्हाई, सिस्टर. समदे उतरताना. आन समद्यांच्या खिशात घरी न्यायची कायतरी वस्तू. पेढं, रानमेवा, पोराला खेळनं." एवढं सांगून त्यांनी विषय बदलला आणि चाचींना कांदे कुजल्याचं सांगितलं. मीही पुढं विचारलं नाही. पण त्या दिवसापासून थोतांड हा शब्द मी वापरला नाही.

तिसऱ्यांदा मागितली तेव्हा माझं लग्न झालेलं होतं आणि मुलगी एक वर्षाची होती. तांब्यात जवळजवळ सगळं पाणी होतं. दोन बोटं कमी असेल. भाऊसाहेबांनी बराच वेळ तांब्याकडं बघितलं, मग पाळण्याकडं. "घरी वाट कोन बघतंय, त्याच्यावर असतं," म्हणाले. "दोन बोटं लई झाली." मी भांडले नाही. ह्याचा अर्थ पटलं असा नाही. दवाखान्यात जायला उशीर होत होता.

बदलीचा हुकूम आला त्या दिवशी सामान टेम्पोत भरताना चाचींनी मला जी बातमी दिली, ती सहा वर्षं आधी द्यायला हवी होती. मी त्यांना सहज म्हटलं, "चाची, भाऊसाहेब स्वतः कितीदा गेले असतील हो कळसूबाईला?"

चाची हसता हसता खाली बसल्या. "कितीदा? अगं बेटी, त्यांनी एकपण डोंगर चढलेला न्हाई. एकपण! त्यांना शिडीवर पाय ठेवला की गरगरतं. माळ्यावरची घागर रोज कोण भरतं? मीच. कांदे कोण काढतं? मीच."

मी तशीच ओट्यावर गेले. "भाऊसाहेब, चाची म्हणतात ते खरं?"

त्यांनी पेपर खाली केला नाही. "मामलेदार नांगर धरतो का?"

"पण तुम्हाला हे सगळं कळतं कसं?"

"तीस वर्सं बारीला चहाच्या टपरीवर बसलो." बारी म्हणजे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव; त्यांच्या सजेतलं. "वसुली झाली की बसायचो. चढनाऱ्याकडं कोनीबी बगतं. मी उतरनारे बगितले. तोंडं बगितली, गुडघे बगितले, टाचा बगितल्या. वरती काय हाय ते मला ठावं न्हाई, सिस्टर. खाली कसं येत्यात ते ठावं हाय."

तेवढ्यात टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. भाऊसाहेबांनी स्वेटरच्या आतून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात ठेवला. टेम्पोत बसल्यावर उघडला. वर 'कळसूबाई'. खाली माझं नाव, वडिलांच्या नावासकट, सरकारी वळणाच्या अक्षरात. चढाच्या सात ओळी भरलेल्या. उताराच्या जागी एक ते बारा आकडे घातलेले आणि पुढं काही नाही. सगळ्यात खाली बारीक अक्षरात: 'अर्जदाराने स्वतः भराव्यात. उतरता आल्यावर.'

भाऊसाहेब पाच-सहा वर्षांपूर्वी गेले. वय झालं होतं. घरात, जमिनीवर, गादीवर गेले. कुठूनही पडले नाहीत. चाची लोणीला मुलाकडं असतात, ईदला फोन करतात, शिडीचं काय झालं ते त्यांना आठवत नाही. तो कागद मी गॅसच्या पुस्तकात ठेवला होता, कारण ते पुस्तक हरवत नाही. मध्ये कधी काढलाही नाही. नोकरी, मुलीची शाळा, सासूबाईंचं आजारपण. डोंगराला जायचं म्हणून कोण रजा देतं?

आणि आता दीड वर्षापासून माझा उजवा गुडघा कुरकुरतो. जिना उतरताना एकेक पायरी बघून उतरावी लागते. घाई गेली ती शहाणपण आलं म्हणून नाही, गुडघ्यानं भाग पाडलं म्हणून. भाऊसाहेबांना हे कळलं असतं तर म्हणाले असते, "कारन इचारलेलं न्हाई. पानी दाखवा."

शेंगदाणे झाले. मुलगी आली, जेवली. जेवताना सगळे आठ डोंगर वाचून दाखवले. मी भाऊसाहेबांचं सांगितलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

"म्हणजे तू तीनदा नापास?"

"हो."

"आणि घेणारा कधी चढलाच नव्हता?"

"नाही."

"मग आता कोण विचारतंय? सरळ कळसूबाईला जाऊ."

"सकाळी सांगते," मी म्हटलं. तिला वाटलं गुडघ्याचा विचार करतेय. करतच होते. माझ्या दवाखान्यात असा गुडघा घेऊन बाई आली असती तर मी तिला धरणावर चक्कर मारून या म्हटलं असतं.

१३ डिसेंबर. चारला उठले. गच्चीवर पाण्याची टाकी आहे, तिला लोखंडी शिडी आहे, नऊ पायऱ्यांची. थंडीनं लोखंड बर्फासारखं झालं होतं. रिकामा तांब्या घेऊन चढले, टाकीत बुडवून काठोकाठ भरला, शिडीकडं तोंड केलं. गुडघा चौथ्या पायरीला बोलला. थांबले. त्याचं म्हणणं पूर्ण होऊ दिलं, मग पुढचा पाय टेकला. खाली आल्यावर तांब्या गच्चीच्या दिव्याखाली धरला. काठोकाठ होता. हात लावून खात्री करायला गेले आणि तेवढं एक बोट सांडलं. ते धरत नाही.

त्याच पाण्याचा चहा ठेवला. मुलीला उठवलं.

"ठरला?"

"ठरला. कळसूबाई. पण आधी तू शिडी चढ."

ती कुरकुरत गेली. मोबाईल एका हातात, तांब्या दुसऱ्या हातात, शिडीला पाठ लावून उतरली. अर्धा तांब्या पायजम्यावर.

"म्हणजे मी नापास? मला देऊळ?"

खरं तर देऊळ नाही, अर्ध्या तांब्याला धरण. पण तिचा एकच दिवस होता आणि माझी पंचवीस वर्षं. मी म्हटलं, "चढताना तू पुढं. उतरताना मी पुढं, तू माझ्या मागं. आणि आई लवकर चल, असं एकदाही म्हणायचं नाही."

"तू? तू हळू उतरणार?"

गॅसच्या पुस्तकातला कागद काढला. उताराच्या पहिल्या आकड्यापुढं लिहिलं, 'मुलीला मागे ठेवा.' पेन आणि कागद पिशवीत टाकला, चटणीचा डबा वर ठेवला. पाचला दहा कमी असताना दार ओढून घेतलं. मुलगी उडी मारून रस्त्यावर पोचलीसुद्धा. आमच्या ह्या घरालाही ओट्याला तीनच पायऱ्या आहेत. मी एकेक करून उतरले.